नागोजीच्या गाडीचा खुराक

पंपावरच्या माणसानं खिडकीत वाकून "साधं घालू का शंभर?" असं विचारलं, आणि येळ्ळूरच्या नागोजीचा भर दुपारी, सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत, अपमान झाला.

त्या बिचाऱ्याच्या मनात तसलं काही नव्हतं. मागे सात गाड्या खोळंबल्या होत्या. त्यानं आधी कन्नडमध्ये विचारलं, मग नागोजीची टोपी बघून मराठीत विचारलं, इतकंच. स्टिअरिंगवर नागोजीची सून पूर्णिमा होती. गाडी तिची, खानापूरकडच्या हायस्कुलातली नोकरी तिची, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार घातला तोही तिनंच. तिचा नवरा विक्रम मस्कतला होता आणि त्यानं ही गाडी अजून फोनवरच बघितली होती. पूर्णिमा म्हणाली, "साधं."

नागोजीनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. तीस वर्षं त्याच्या दावणीला शर्यतीचे बैल होते. रिकामा गाडा पळवायच्या शर्यतीत बिजल्या-पाखऱ्याच्या जोडीनं खानापुरापासून कागलापर्यंतच्या ढाली घरात आणल्या होत्या. हुलग्याचा भरडा, सरकी, खारीक, आणि शर्यतीआधी पंधरा दिवस दुधात फेटलेली अंडी, असा त्या दावणीचा रिवाज. साधं घरची माणसं खायची.

वाटेत त्यानं विचारलं, शंभर म्हंजे काय. पूर्णिमानं शाळेत सांगावं तसं सांगितलं. पेट्रोलला नंबर असतो, त्याला ऑक्टेन म्हणतात. चढाला गाडीवर लोड आला की हलक्या पेट्रोलनं इंजिन आतून खडखडतं. नंबर जेवढा मोठा तेवढी ती खडखड कमी. पण ज्या इंजिनाला जेवढा नंबर हवा तेवढाच घालायचा, जास्त घालून ते काही जास्त पळत नाही. "आपल्या गाडीला एक्क्याण्णव पुरतं, मामा."

यातले दोनच शब्द नागोजीच्या कानात राहिले. एक, चढ. दुसरा, पुरतं. जनावराच्या बाबतीत "पुरतं" हा शब्द त्यानं हयातीत वापरला नव्हता.


गाडीच्या पुस्तकातलं एकशे सत्तेचाळिसावं पान

पूर्णिमानं वाचलं: एक्क्याण्णव किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचं पेट्रोल वापरावं.

नागोजीनं ऐकलं: त्याहून अधिक.


शेवटचा बैल जाऊन सहा वर्षं झाली होती. गोठा तसाच होता, गव्हाणीसकट, आणि गाडीला दुसरी जागा नसल्यामुळे ती गोठ्यातच उभी राहायची, तोंड गव्हाणीकडं करून. सकाळी उठून नागोजी तिथं जायचा. आधी नुसता जायचा. मग बादली घेऊन जायला लागला. दिवाळीच्या आधीच त्यानं पूर्णिमाच्या एका जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहून काढलं.

पहिले आठ दिवस साधं. पोट साफ हुईल.

पुढचे चार दिवस तीन भाग साधं, एक भाग पंच्याण्णव. एकदम चढवायचं नाही. जुलाब लागतात.

मग निम्मं-निम्मं. सकाळच्या पारी गडाच्या रस्त्यानं दोन किलोमीटर फिरवणे. पळवायचं नाही. घाम पुसणे.

मग पंच्याण्णवात शंभर. थोडं थोडं.

शेवटचे चार दिवस निव्वळ शंभर. आणि कुणाची नजर लागू नये म्हणून गोठ्याला ताडपत्री.

जुलाबाचं भरमूला विचारणे.

भरमू गावातला मेकॅनिक. वडगावात राहायचा, पण गॅरेज येळ्ळूरच्या फाट्याला. त्यानं वही उलटीसुलटी करून वाचली आणि म्हणाला, "नागोजीआण्णा, गाडीला खुराक लागत न्हाय. ऑइल लागतंय, हवा लागती, दोन वर्सानं एखादं वायसर लागतंय." मग सहज म्हणून त्यानं हेही सांगितलं की हल्ली पेट्रोलात उसाचं स्पिरिट मिसळतात, शंभरात वीस भाग.

हे त्यानं सांगायला नको होतं. नागोजीनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. पेट्रोलात ऊस घालतात, हे त्याला आजवर कुणीच कसं बोललं नव्हतं? बैलांना त्यानं आयुष्यभर उसाचं वाढं घातलं होतं. म्हणजे पेट्रोल बनवणाऱ्या कंपनीत शर्यतीच्या जनावराचं कळणारा एक तरी माणूस बसलेला आहे, आणि सरकार ही गोष्ट लोकांपासून लपवून ठेवतंय. त्या दिवसापासून पूर्णिमा शाळेला स्कूटरनं जायला लागली. गाडी, नागोजीच्या शब्दांत, अंग धरत होती.


हे सगळं घरच्या घरात राहिलं असतं. पण मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर परशराम बसायचा.

परशराम म्हणजे नागोजीच्या शेजारच्या पट्टीत तीस वर्षं गाडा पळवलेला माणूस. एकाची जोडी पहिली आली की दुसऱ्याची दुसरी, आणि दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्यानं लबाडी केलेली. आता दोघांच्याही दावणी रिकाम्या होत्या, पण शर्यत थांबली नव्हती. ती रोज संध्याकाळी साडेपाचला कट्ट्यावर सुरू व्हायची आणि देवळातली घंटा वाजली की स्थगित व्हायची. परशरामचा पोरगा पुण्याला गेला तेव्हा आपली जुनी, पंधरा वर्षं वापरलेली गाडी बापाच्या अंगणात लावून गेला होता. परशरामला चालवता येत नव्हती. नागोजीलाही येत नव्हती. त्यामुळे दोघांची मतं स्वच्छ होती.

परशरामचं मत असं, की बैल कडब्यावर तयार होतो, लाडानं नव्हे. माझी गाडी साध्यावर वाढली आहे आणि साध्यावरच गड चढेल. नागोजी म्हणाला, तुझे बैल म्हणूनच बरगड्या दाखवत पळायचे. परशराम म्हणाला, बरगड्या दिसत होत्या कारण ते पुढं असायचे, मागनं बघणाऱ्याला सगळं दिसतं. मग नागोजी उभा राहिला. मग परशराम उभा राहिला. गाडीवरून सुरू झालेलं भांडण बैलावर आलं, आणि बैलावर आल्यावर ते मागे जाण्यातलं नव्हतं.

"गडाच्या चढाला ज्याची गाडी खडखडंल," परशराम म्हणाला, "त्यानं जन्मात परत बैलाचं नाव काढायचं न्हाय."

कट्ट्यावर बसलेल्या पाच-सहा जणांना वाटलं, आता दोघांतला एकजण शब्द मागे घेईल. बैलाचं बोलायचं नाही म्हणजे या दोघांनी बोलायचं तरी काय? नागोजीलाही तेव्हा एकदा वाटलं, मागे घ्यावा. बिजल्या गेला, पाखऱ्या गेला, बायको गेली, राहिलं होतं ते बोलणं. ते पणाला लावायचं? पण शंभर नंबरचा खुराक गोठ्यात उभा होता.

"आनि ज्याची खडखडणार न्हाय त्यानं?"

"त्यानं बोलावं की. मोकळा हाय."

"दोघांच्याबी खडखडल्या तर?"

"तर पैजच न्हाय."

"ठरलं," नागोजी म्हणाला.


नियम
(कट्ट्यावर तोंडी ठरलेले. भांडण नको म्हणून पूर्णिमानं शाळेच्या कागदावर उतरवून घेतले.)

चढ येळ्ळूरगडाचा. पायथ्याच्या वळणापासून वरच्या तटापर्यंत.

गियर तिसरा. खालचा टाकायचा नाही.

एक नोव्हेंबरला नाही. त्या दिवशी सीमाभागाच्या काळ्या दिनाच्या फेरीला बेळगावात जायचं असतं, गावात कुणी नसतं. त्यानंतरच्या रविवारी.

दोन्ही गाड्या पूर्णिमा चालवणार. ही परशरामची अट. त्याचा नागोजीवर विश्वास नव्हता, नागोजीच्या सुनेवर होता.

दोन्ही गाड्यांत दोन्ही मालक बसणार, म्हणजे आपल्या माघारी काही झालं असं म्हणायला जागा नको.

आवाज कोण ऐकणार?

इथं अर्धा तास भांडण झालं. भरमू ऐकेल म्हटलं तर तो परशरामच्या गाडीचं काम करायचा. गावातला दुसरा कुणी म्हटलं तर गावातला प्रत्येकजण तीस वर्षांत कुठल्या ना कुठल्या जोडीच्या बाजूनं ओरडलेला होता. शेवटी भरमूनंच आपल्या मावशीचं नाव काढलं.


मनुबाई वडगावची. तिच्या घरात पुढच्या खोलीत चूल आणि मागच्या खोलीत चार माग. चाळीस वर्षं ती इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यांच्या त्या खटक-फटक आवाजात राहिली होती, तिथंच जेवली होती, तिथंच तिची पोरं झोपली होती. त्या आवाजानं माणूस बहिरा होतो. मनुबाईचं उलटं झालं होतं. ती चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायची, तिसऱ्या मागाचा धोटा उजवीकडनं ढिला झालाय, थांबवा, नाहीतर सूत तुटेल. आणि मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाला काही कळायच्या आत सूत तुटायचं. तिनं कधी चुकीचं सांगितलं नव्हतं आणि कुणाला बरं वाटावं म्हणूनही काही सांगितलं नव्हतं. बैलांशी तिचा संबंध नव्हता. बैल तिला आवडत नसत.

तिनं एकच अट घातली. गाडीत कुणी बोलायचं नाही. खोकायचंही नाही. खडखड ऐकू आली तर ती स्वतः फक्त एक बोट वर करणार.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी नागोजीला कळलं की बेळगावातल्या शंभर नंबरपेक्षा निपाणीजवळच्या हायवेवरच्या एका पंपावरचं शंभर नंबर भारी आहे. कळलं म्हणजे त्यानं स्वतःच तसं ठरवलं. तिथं कोल्हापूरकडच्या गाड्यांची लाईन लागते, असं त्यानं ऐकलं होतं. एवढ्या लांबून माणसं येतात ती उगीच का? पूर्णिमानं समजावलं की तिकडं महाराष्ट्रात पेट्रोल महाग आहे, म्हणून येतात, आणि येऊन साधंच भरतात. नागोजीला ते पटलं नाही. तरी शुक्रवारी तिनं रजा टाकली आणि ते गेले. टाकी भरली. परत येईपर्यंत जाता-येताचे दीडशे किलोमीटर झाले होते आणि त्या भारी पेट्रोलातलं चार-पाच लिटर येण्यातच जळालं होतं. नागोजीचं त्यावर म्हणणं असं की खाल्लेलं वाया जात नाही, अंगी लागतं.


रविवार, सकाळ, गडाचा पायथा. आधी परशरामची गाडी.

पुढं पूर्णिमा आणि मनुबाई. मागं नागोजी, परशराम, आणि मध्ये भरमू, दोघांची भिंत म्हणून. दुसऱ्या वळणावर चढ एकदम उभा होतो. तिथं इंजिनाचा सूर जड झाला, पूर्णिमानं पाय दाबला, आणि पुढून, खालून कुठूनतरी, डब्यात हुलगे हलवल्यासारखा बारीक आवाज आला. मनुबाईनं पदराखालून एक बोट वर केलं. परशराम खिडकीबाहेर बघत राहिला. तटापर्यंत तो तसाच बघत होता.

मग नागोजीची गाडी. तेच वळण, तोच गियर. इंजिनानं एकदा मान खाली घातल्यासारखं केलं आणि निमूट वर आलं. मनुबाईचं बोट पदराखालीच राहिलं.

वर पोचल्यावर तिनं निकाल सांगितला. पहिली खडखडली, दुसरी न्हाय. नागोजीनं खिशातून गुलालाची पुडी काढून बॉनेटवर उधळली. पूर्णिमानं ती लगेच फडक्यानं पुसून काढली, कारण रंग धरला असता. परशराम खाली चालत गेला.


सोमवार. कट्ट्यावर परशराम आलेला होता. भाताच्या कापणीचं बोलला.

मंगळवार. नागोजीनं खानापूरच्या शर्यतीची गोष्ट काढली. बारा जोड्या होत्या, पाखऱ्यानं सगळ्यांना मागं टाकलं. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. परशराम तंबाखू मळत होता.

बुधवार. नागोजीनं तीच गोष्ट सांगितली, पण या वेळी मुद्दाम वीस जोड्या सांगितल्या. माना हलल्या. परशरामनं मळलेली तंबाखू खाली टाकली. तो उठून घरी गेला.

गुरुवार. चाळीस जोड्या. खानापूरच्या त्या माळावर चाळीस जोड्या मावणार नाहीत, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. माना हलल्या.

शुक्रवार. नागोजीनं सांगितलं की शेवटच्या फर्लांगात पाखऱ्याचे चारी पाय जमिनीवर नव्हते आणि त्याला खांद्याजवळ पंख फुटले होते, पांढरे, हातभर लांब.

"व्हय," कट्ट्यावरचा एकजण जांभई देत म्हणाला, "लई चपळ हुता तुमचा बैल."

नागोजी परशरामकडं बघत राहिला. परशरामचे डोळे लाल झाले होते. त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. तो दिलेला शब्द दाताखाली धरून बसला होता, आणि त्याला ते किती जड जातंय हे त्या कट्ट्यावर एकट्या नागोजीला दिसत होतं. कारण पाखऱ्याला पंख नव्हते, हे पाहिलेला दुसरा माणूस तोच होता.

घंटा वाजली. नागोजी घरी आला, गोठ्यात गेला आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. त्यानं स्वतःशीच खानापूरची खरी गोष्ट सांगून बघितली. अर्ध्यात सोडली. मध्ये कुणी "खोटं" म्हणत नसेल तर गोष्ट पुढं सरकतच नाही, बिन जोखडाच्या बैलासारखी नुसती उभी राहते.


हरकत

शर्यतीत हरलेला हरकत घेतो. जिंकलेल्यानं स्वतःच्या जिंकण्यावर हरकत घेतल्याचं येळ्ळुरात आधी कुणी ऐकलं नव्हतं. पण नागोजी दुसऱ्या दिवशी बस धरून वडगावला गेला आणि मनुबाईला म्हणाला, आक्का, माझी गाडी त्या दिवशी खडखडली होती, तुम्हाला ऐकू आलं नसंल.

मनुबाई भाजी निवडत होती. ती म्हणाली, खडखडली न्हाय. नागोजीनं तिला परोपरीनं सांगितलं की तुम्ही दमलेला होता, वारा होता, माणूस आहे, एखादवेळी चुकतं. ती म्हणाली, वारा होता, आणि तुमच्या पोटात गुरगुरत होतं, तेही मी ऐकलं, पण गाडी खडखडली न्हाय. शेवटी नागोजीनं विचारलं, परत चढवली तर ऐकाल का? ती म्हणाली, ऐकेन. जे ऐकेन तेच सांगेन.

म्हणजे आता, पैज मोडायची तर, गाडी खडखडायला हवी होती.

नागोजीनं खुराक उतरवायला घेतला. शंभरावरून पंच्याण्णव, पंच्याण्णवावरून साधं. वहीतली पानं खालून वर. पंपावर जाऊन त्यानं विचारलं, साध्यापेक्षा हलकं काय हाय काय? पंपावरचा माणूस म्हणाला, न्हाय. नागोजी म्हणाला, मागच्या बाजूला, जुनं, उरलेलं? त्या माणसानं मॅनेजरला हाक मारली. नागोजी तिथून निघून आला. मग त्याला रॉकेलची आठवण झाली. पूर्वी भेसळीच्या रॉकेलनं गाड्या कशा खडखडायच्या, ते त्यानं संध्याकाळी जेवताना सुनेला हळूच सांगून बघितलं.

पूर्णिमानं ताट बाजूला सारलं. "मामा, स्कूटरनं शाळेला गेले, मी काय बोलले न्हाय. गोठ्याला ताडपत्री लावली, बोलले न्हाय. पर माझ्या गाडीत रॉकेल पडलं तर मी तुमच्यासंगं बोलायचं सोडीन."

एक माणूस बोलायचा थांबला तर ही गत झाली होती. नागोजीनं रॉकेलचा विषय तिथंच सोडला.

पुढच्या रविवारी साध्यावर चढवली. मनुबाईचं बोट पदराखालीच. त्याच्या पुढच्या रविवारी डिकीत भाताची चार पोती टाकून चढवली. गाडी दुसऱ्या वळणावर बंद पडली, पण खडखडली नाही. चौथ्या गियरमध्ये चढवली. बंद पडली. मनुबाई दरवेळी वर पोचल्यावर, किंवा जिथं बंद पडली तिथं, सांगायची, न्हाय. परशराम दरवेळी मागं बसलेला. नियमच होता तसा, दोन्ही मालक दोन्ही गाड्यांत. तो यायचा, बसायचा, उतरायचा. नागोजीनं त्याला हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बैलाचं नाव आलं असतं.

शेवटी भरमूनं नागोजीला बाजूला घेतलं. म्हणाला, आण्णा, तुमची ही गाडी खडखडणारच न्हाय. नव्या गाडीच्या इंजिनाला कान असतोय. खडखड सुरू व्हायच्या आतच तिला कळतंय आणि ती आपली आपण सावरून घेती. तुम्ही एक्क्याण्णव घाला, शंभर घाला, ती तिचं बघती. परशरामआप्पांची गाडी जुनी. तिला कान न्हाय.

"म्हंजे शंभरानं काय झालं न्हाय?"

"काय न्हाय."

"पैलाच बोलला असतास तर?"

"बोललोय की. वायसराचं बोललोय."

नागोजी खाली बसला. दीड महिना त्यानं ज्या गाडीला चारलं, पुसलं, फिरवलं, ती मुळात भुकेलीच नव्हती. जिंकणं त्याचं नव्हतं. आणि हरणं त्याच्या हातात राहिलेलं नव्हतं.


डिसेंबरचा पहिला रविवार. नागोजीनं सगळ्यांना बोलावलं, हे शेवटचं म्हणून. टाकीत साधं. डिकी रिकामी. त्यानं गाडीचा नाद सोडला होता, फक्त ते सांगायला तोंड नव्हतं. मनुबाई म्हणाली की तिच्या मागावर साडी अडकलीय, लवकर आवरा.

या वेळी भरमू मध्ये बसला नाही. त्याला दाराजवळ हवा पाहिजे होती. त्यामुळे मध्ये नागोजी आला आणि डावीकडं, दाराला चिकटून, परशराम. पूर्णिमानं तिसरा टाकला. पहिलं वळण गेलं. गाडीत कुणी बोलत नव्हतं, खोकत नव्हतं. दुसऱ्या वळणाला चढ उभा झाला, इंजिनाचा सूर जड झाला, आणि नागोजीनं सवयीनं डोळे मिटले.

खट्.

मग परत. खट् खट् खट्. बारीक, कोरडा, घाईचा आवाज. इंजिन दमेल तसा वाढत जाणारा.

शेवटी खडखडली, नागोजीला वाटलं. त्यानं डोळे उघडले. समोर मनुबाईची पाठ होती, ताठ. आवाज चालूच होता. आवाज पुढून येत नव्हता. नागोजीनं मान न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडं पाहिलं. परशराम नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत होता, दगडासारखा. त्याचा डावा हात मात्र मांडी आणि दार यांच्यामधल्या फटीत गेला होता, आणि मधल्या बोटाचं पेर दाराच्या प्लास्टिकवर वाजत होतं. इंजिनानं सूर ओढला की तो घाई करायचा. सूर हलका झाला की हळू. तीस वर्षं गाड्यावर उभा राहिलेल्या माणसाला लोड कधी येतो आणि कधी उतरतो हे सांगावं लागत नाही.

मनुबाईचं बोट अजून खाली होतं.

नागोजी मनुबाईच्या पाठीकडं बघत राहिला. चार मागांच्या गोंगाटातून एक धोटा ओळखणाऱ्या बाईला बोट आणि इंजिन यांतला फरक कळणार नाही? ती मागं वळून बघेल. बघितलं की संपलं. शेवटचं वळण आलं. परशरामच्या बोटाचं कातडं सोललं असावं, कारण आवाज आता ओला येत होता. तट दिसायला लागला.

पदराखालून एक बोट वर आलं.

वर पोचल्यावर सगळे उतरले. मनुबाईनं पदर सारखा केला, चपला घातल्या आणि कुणाकडंही न बघता सांगितलं, "खडखडली." मग भाच्याकडं वळून हळूच म्हणाली, "भरमू, त्या मागच्या डाव्या दाराचं तेवढं बघून घे."

भरमूनं दाराकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, आणि मान हलवली. पूर्णिमानं तोंड फिरवून गडाखालच्या भाताच्या खाचरांकडं पाहायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते.

दोन्ही गाड्या खडखडल्या होत्या. पैज नव्हती. परशरामनं बोट तोंडात धरलं होतं. ते त्यानं बाहेर काढलं, धोतराला पुसलं, आणि महिनाभरानंतर बैलावर तोंड उघडलं.

"पंख?" तो म्हणाला. "हातभर लांब?"

नागोजीनं टोपी काढून झटकली.

"बारा जोड्या न्हवत्या खानापुरात, नागोजी. नऊ हुत्या. तीन जोड्या सोडायच्या आधीच बाद झाल्या. आनि तू पाखऱ्याला आतल्या अंगानं जुंपलेलास. ती तुझी चूक. भाइर जुंपला असतास तर खरंच पैला आला असतास."

"पैलाच आलतो."

"दुसरा."

"अरं, ढाल घरात हाय."

"ढाल भोळ्या पंचानं दिलीया. माझ्या तांबड्याचं नाक दोरीला आधी लागलं. मी नाकाजवळ उभा हुतो."

"नाकाजवळ? तू गाड्यावर हुतास का नाकाजवळ?"

पूर्णिमानं हॉर्न दिला. कुणी लक्ष दिलं नाही. तिनं दुसऱ्यांदा दिला. मनुबाई पुढं बसून म्हणाली, चल बाई, माझी साडी अडकलीय. पूर्णिमानं गाडी वळवली आणि ती, मनुबाई आणि भरमू उताराला लागले. आरशात बराच वेळ दोन माणसं दिसत होती. एक जण हाताची दोरी करून ती ताणून धरत होता, आणि दुसरा त्या दोरीला कुणाचं नाक आधी लागलं ते स्वतःचं नाक पुढं काढून दाखवत होता. नाक दोरीला लागलं, तशी पहिल्यानं दोरी चार बोटं मागं घेतली.